प्रवासी उर्वरित

मास्तरांना विमानाची भीती वाटत नव्हती. विमान पडेल, भरकटेल, त्याचं इंजिन बंद पडेल, ही सगळी विमान चालवणाऱ्याची डोकेदुखी होती. आणि ज्या माणसाने उभं आयुष्य शिकाऊ चालकांच्या शेजारी बसून काढलं, त्याला दुसऱ्याच्या हाती जीव सोपवण्याचं काय विशेष वाटणार? मास्तरांना भीती वाटत होती ती खुर्चीची.

मास्तर मोटार चालवायला शिकवत. देह भरभक्कम. 'लठ्ठ' हा शब्द त्यांच्यासमोर कुणी उच्चारत नसे. लोक 'तब्येत राखून आहात' असं म्हणत आणि म्हणताना दाराच्या चौकटीकडे बघत. शिकवणीची छोटी गाडी मास्तरांच्या बाजूला कायमची कललेली असे. त्यांच्याकडे शिकलेले लोक पुढे स्वतःच्या नव्या गाडीत बसले की काहीतरी बिघडलंय असं वाटून घाबरत. मान जरा तिरकी केली की मगच त्यांना रस्ता सरळ दिसे.

मास्तरांची एकुलती एक लेक समुद्रापलीकडच्या देशात नोकरी करत होती. तिने तिकडेच लग्न केलं, तेव्हा ऐन वेळी मास्तरांच्या पाठीत उसण भरली. तिने घर घेतलं, तेव्हा मोटार शिकवण्याच्या शाळेच्या परवान्याची तपासणी निघाली. दोन्ही वेळा मास्तरीणबाई एकट्या जाऊन आल्या आणि आल्यावर नवऱ्याला फोटो दाखवत बसल्या. आता लेकीचे दिवस भरत आले होते. फोनवर ती म्हणाली, "बाबा, या वेळी पाठ दुखली तरी चालेल. आडवे पडून या, पण या."

"बघतो," असं म्हणून मास्तरांनी फोन ठेवला.

"बघायचं काय त्यात?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

मास्तर उठून पंखा मोठा करून आले. मग म्हणाले, "अगं, मी मावलो नाही तर?"

"कशात?"

"खुर्चीत. विमानाच्या. सगळ्यांसमोर."

मास्तरीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "म्हणजे ती उसण?"

"नव्हती."

"आणि मी बया रात्रंदिवस शेकत बसले! अहो, आधी बोलायला काय झालं होतं?"

पण त्या फार वेळ चिडल्या नाहीत. नवरा घाबरलाय हे त्यांना दिसत होतं, आणि घाबरलेल्या नवऱ्याला त्या नेहमी कामाला लावत. वरच्या मजल्यावर एक निवृत्त ऑडिटर राहत. नोकरीत त्यांनी विमानाने पुष्कळ प्रवास केलेला होता आणि अंगाने ते छत्रीच्या काडीसारखे होते, त्यामुळे या विषयातला त्यांचा अधिकार दोन्ही बाजूंनी सिद्ध होता. त्यांना बोलावण्यात आलं. स्वयंपाकघरात भिंत आणि फ्रिज यांच्यामध्ये तीन खुर्च्या खेटून मांडण्यात आल्या. एका बाजूला ऑडिटरसाहेब, दुसऱ्या बाजूला मास्तरीणबाई आणि मध्ये मास्तर.

मास्तर बसले आणि ऑडिटरसाहेबांच्या तोंडून एक लांबलचक सुस्कारा निघाला.

"काय झालं? लागलं का?" मास्तर अर्धवट उठले.

"बसा, बसा. हा शेजारच्या प्रवाशाचा सुस्कारा. हा येणारच. आत्तापासून कानाला सवय करून घ्या." ऑडिटरसाहेबांनी समजावलं. "तुम्ही पिशवी घेऊन वाटेतून येताना दिसलात, की बसलेला प्रत्येक माणूस आधी तुमच्याकडे बघतो, मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघतो आणि मग खिडकीबाहेर बघायला लागतो."

"आणि मनात काय म्हणतो?"

"म्हणतो, इथे नको."

"सगळेच?"

"मी तरी म्हणतो," ऑडिटरसाहेब प्रामाणिकपणे म्हणाले.

सरावाच्या अखेरीस मास्तर खुर्चीत मावले. फ्रिज मात्र जागेवर राहिला नाही. तेव्हा हा प्रश्न घरगुती पातळीवर सुटणारा नाही, हे सर्वांनी मान्य केलं आणि विमान कंपनीच्या मदतकक्षाला फोन लावण्यात आला.

मदतकक्षातली मुलगी अतिशय गोड बोलत होती. "सर, आपण विस्तृत प्रवासी आहात का?"

"म्हणजे?"

"आम्ही कुणाला दुखावत नाही, सर. आपण आसनाच्या आत संपता, की आसन संपल्यावरही चालू राहता?"

मास्तरांना घाम फुटला. मास्तरीणबाईंनी फोन हिसकावून घेतला. "हे बघ बाळ, शेजारी मीच बसणार आहे. माझ्या अंगावर मांस म्हणून नाही. मधला दांडा वर करू आणि माझ्या खुर्चीतली थोडी जागा मी त्यांना देईन. प्रश्न मिटला."

"नाही ना मिटत, मॅडम. आपल्या आसनातली जागा दुसऱ्याला वापरायला दिली तर नियमाप्रमाणे तो पोटभाडेकरू होतो. पोटभाडेकरू ठेवायला कंपनीची मनाई आहे."

"पोट त्यांचं, भाडं आमचं. तुमचं काय जातंय?"

"धोरण जातं, मॅडम."

शेवटी शेजारची आणखी एक खुर्ची विकत घ्यायचं ठरलं. मुलीला आनंद झाला. तिने विचारलं, "त्या आसनावर कोण बसणार?"

"हेच बसणार. म्हणजे यांचा जो भाग इकडे येईल, तो."

"एका नावावर एकच आसन निघतं, मॅडम."

"मग नाव न घालता रिकामी ठेव."

"रिकामं आसन विकता येत नाही. विकलं की ते रिकामं राहत नाही." मुलीने थोडा वेळ संगीत ऐकवलं, वरिष्ठांना विचारलं आणि परत आली. "तोडगा निघालाय, मॅडम. मिस्टर पहिल्या आसनात जेवढे बसतील, तेवढे पहिले प्रवासी. राहिलेले दुसरे प्रवासी. दुसऱ्यांच्या नावाच्या जागी मी 'उर्वरित' असं टाकते."

"मी उर्वरित?" मास्तर फोनच्या दिशेने ओरडले.

"नाही, नाही, सर. आपण सर. उर्वरित वेगळे."

मग तिने उर्वरितांचं वय विचारलं. ते मास्तरांएवढंच निघाल्यावर 'जुळे आहेत वाटतं' असं म्हणून तिने अभिनंदन केलं. उर्वरितांना खिडकी आवडते की वाट, उर्वरित जेवणात मीठ कमी खातात का, उर्वरितांना उंचीचा त्रास होतो का, हेही विचारलं. मास्तर प्रत्येक प्रश्नाला पोटाकडे बघत उत्तर देत होते. सर्वांत शेवटी मुलगी म्हणाली की उर्वरितांना स्वतंत्र सामान नेता येईल, तो त्यांचा हक्क आहे.

हे ऐकून मास्तरीणबाईंचा नूर एकदम पालटला. त्यांनी माळ्यावरची जुनी मोठी बॅग खाली काढली आणि बाळाची दुपटी, स्वेटर, टोपडी, पायमोजे, रबरी चादरी असं सगळं तिच्यात कोंबलं. बॅगेवर त्यांनी ठळक अक्षरांत 'उर्वरित' लिहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या पोटाचा असा उपयोग होईल, हे त्यांच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं.

प्रवासाच्या दिवशी विमानतळावरच्या खिडकीतल्या तरुणाने तिघांचे पास काढले आणि दोघांना दिले. मास्तर आणि मास्तरीणबाई पुढच्या बाजूला, उर्वरित अगदी मागे, स्वच्छतागृहाला लागून.

"अहो, यांना एकत्र बसवा. वेगळे कसे बसतील?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"एकत्र बसायचं तर नातं सांगावं लागेल. सरांचं उर्वरितांशी नातं काय?"

"तो मीच," मास्तर म्हणाले.

तरुणाने पडद्यावर शोधलं. "'मीच' असा पर्याय नाही, सर. आई, वडील, जोडीदार, अपत्य, भावंड, एवढेच आहेत."

"भावंड घाला," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"सख्खे का?"

"इतके सख्खे की जन्मात कधी वेगळे राहिले नाहीत."

तरुणाला गहिवरून आलं. असं प्रेम हल्ली कुठे बघायला मिळतं, असं म्हणत त्याने तिन्ही जागा शेजारी शेजारी दिल्या. खिडकीशी मास्तर, मध्ये उर्वरित, वाटेवर मास्तरीणबाई.

सुरक्षा तपासणीत मास्तर एकदा कमानीतून गेले आणि त्यांना परत बाहेर बोलावण्यात आलं, कारण उर्वरितांची तपासणी राहिली होती. शिपाई कामसू होता. पहिल्या खेपेला त्याने मास्तरांच्या छातीपर्यंतच चाचपलं होतं. बाकीचं त्याने दुसऱ्या खेपेला चाचपलं. 'हद्द पाळावी लागते, साहेब,' असं तो वर म्हणाला.

आणि मग तो क्षण आला ज्याच्या धास्तीने मास्तर वर्षानुवर्षं घरी राहिले होते. विमानाच्या अरुंद वाटेतून ते तिरके होऊन चालू लागले. ऑडिटरसाहेबांनी सांगितलं होतं तंतोतंत तसंच घडत गेलं. प्रत्येक रांगेतले डोळे मास्तरांवरून रिकाम्या जागेवर आणि तिथून खिडकीवर जात होते. मास्तर पुढे सरकले की मागे खांदे सैल पडल्याचं त्यांना न बघताही कळत होतं. आपली रांग आली. मास्तर आत शिरले, डोळे मिटले आणि बसले. मधला दांडा वर केलेला होता. पट्टा जोडायला सेविकेने एक जादा तुकडा आणून दिला. खटकन आवाज झाला. पट्टा लागला होता.

मास्तरांनी डोळे उघडले. "एवढंच?"

"एवढंच," मास्तरीणबाई म्हणाल्या. "याच्यासाठी लेकीचं लग्न बुडवलंत."

 लेकीच्या लग्नाचे फोटो मास्तरांना पाठ होते. प्रत्येक फोटोत ती कुणाच्या तरी मागे कुणाला तरी शोधताना दिसे. त्यांनी बायकोचा हात धरायला मधल्या खुर्चीवरून हात पुढे केला, तेवढ्यात सूचना झाली.

"प्रवासी उर्वरित यांनी त्वरित विमानात यावे. प्रवासी उर्वरित, ही अखेरची सूचना आहे."

विमान खोळंबलं. लोक घड्याळं बघू लागले. "कोण हा उर्वरित?" मागून कुणीतरी विचारलं. "दुकानात हिंडत असेल. असल्या माणसांना दुसऱ्याच्या वेळेची किंमत नसते." दुसरं कुणीतरी म्हणालं, "अशांना सोडून जायला पाहिजे." मास्तरांनीही मागे वळून मान डोलावली. "अगदी खरंय," ते म्हणाले.

मास्तरीणबाईंनी मधल्या खुर्चीवरून हात लांबवून ढोसलं. "अहो, तुम्हीच ना ते!"

मास्तरांनी सेविकेला हाक मारून दुसरा पास दाखवला. "उर्वरित आलेले आहेत. हे इथे." त्यांनी मधल्या खुर्चीवर थोपटलं.

सेविकेने वाकून पाहिलं. खुर्चीवर कुणीही नव्हतं. मास्तरांनी लाजेपोटी इतकं अंग चोरून घेतलं होतं की ते आपल्याच खुर्चीत संपले होते.

"सैल बसा ना, सर," सेविका म्हणाली. मास्तरांनी श्वास सोडला. ते हळूहळू मधल्या खुर्चीत दाखल झाले. "आले, आले!" मास्तरीणबाई म्हणाल्या. सेविकेचं समाधान झालं, पण तोवर विमानतळावरचा अधिकारी आत आला होता. त्याने सगळ्या रांगा मोजल्या होत्या आणि पासांच्या मानाने एक प्रवासी कमी भरत होता.

"हे काय, इथे बसलेत की," सेविका म्हणाली.

"मोजणी डोक्यांची होते," अधिकारी म्हणाला. "यांना डोकं कुठाय?"

मास्तरांनी स्वतःच्या डोक्याला हात लावला.

"ते सरांचं आहे. त्यात उर्वरितांचा हिस्सा नाही. शिवाय उर्वरितांची बॅग विमानात चढलेली आहे. मालक आला नाही तर बॅग उतरवावी लागेल. उतरवलेल्या बॅगेचा नियमानुसार तिथल्या तिथे नाश होतो."

मास्तरीणबाई ताडकन उठल्या. "माझ्या बाळाची दुपटी आहेत तिच्यात! हात लावून बघा कुणी."

मास्तर उभे राहिले. शिकाऊ पोराने गर्दीत गाडी बंद पाडली की ते ज्या आवाजात बोलत, त्या आवाजात ते म्हणाले, "शांत राहा सगळे. मी खाली उतरतो आणि उर्वरित म्हणून वर येतो."

अधिकाऱ्याला ही कल्पना पसंत पडली. मास्तर पुन्हा ती वाट तुडवत बाहेर गेले आणि दुसरा पास दाखवून आत आले. दारातलं यंत्र टुंग वाजलं. उर्वरित हजर झाले. पण मास्तर उतरले होते. आता मास्तरांच्या नावाने सूचना सुरू झाली. मास्तर पुन्हा उतरले आणि मास्तर म्हणून चढले, तेव्हा उर्वरित गायब झाले. अशा खेपा चालू राहिल्या. दर खेपेला प्रवाशांचा राग वाढत होता, मात्र तो सगळा उर्वरितांवर होता. मास्तरांबद्दल आता लोकांना सहानुभूती वाटू लागली होती. "भाऊ असा निघाला, त्याला हे बिचारे काय करणार?" एक बाई म्हणाली आणि तिने त्यांना पाणी दिलं.

शेवटी तोडगा अधिकाऱ्यालाच सुचला. बाहेर दाराशी एक प्रवासी ताटकळत उभा होता. त्याला डोकं होतं, खुर्ची नव्हती. उर्वरितांना खुर्ची होती, डोकं नव्हतं. अधिकाऱ्याने दोघांची बेरीज केली.

आत आला तो एक बेकरीवाला. अंगाने तो मास्तरांना भारी पडेल असा होता. दुसरी खुर्ची घेतली नाही म्हणून सकाळपासून त्याला एकाही विमानात घेतलं नव्हतं. मास्तरांच्या वाढीव देहासाठी विकत घेतलेल्या खुर्चीत आता एक सबंध वाढीव माणूस बसला. डोकी जुळली. सगळ्या विमानाने टाळ्या वाजवल्या.

"माफ करा हं," बेकरीवाला मास्तरांना म्हणाला. मग मास्तरीणबाईंना म्हणाला. मग पुन्हा मास्तरांना. "फार अडचण होतेय ना माझी?"

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. पोट आत, कोपरं छातीशी, नजर गुडघ्यांवर. ही बैठक ते आतून ओळखत होते. "अहो, सैल बसा," ते म्हणाले. "नियमाप्रमाणे तुम्ही माझेच आहात."

बेकरीवाला सैल बसला. पलीकडे मास्तरीणबाई खुर्चीतून निम्म्या वाटेवर आल्या आणि त्यांच्या तोंडून एक लांबलचक सुस्कारा निघाला.

"अगं!" मास्तर म्हणाले.

"चुकून निघाला," मास्तरीणबाई ओशाळून म्हणाल्या, आणि मग विमान उतरेपर्यंत त्या जपून श्वास घेत राहिल्या.

पलीकडे उतरल्यावर कंपनीचा माणूस पुष्पगुच्छ घेऊन उभा होता. प्रवासी उर्वरित यांना विमानात चढताना झालेल्या मनस्तापाबद्दल कंपनी दिलगीर होती. गुच्छ आणि दुपट्यांची बॅग बेकरीवाल्याच्या हाती देण्यात आली. मास्तरांना बाजूला घेऊन समज देण्यात आली. प्रवासात त्यांचा काही भाग सतत उर्वरितांच्या आसनात होता, हे सेविकेने पाहिलं होतं. उर्वरितांनी मोठ्या मनाने तक्रार केली नव्हती, म्हणून या वेळी सोडून देण्यात येत होतं. बेकरीवाल्याने कोपऱ्यावर वळताच बॅग परत केली. गुच्छ त्याने ठेवून घेतला. त्याला आजवर कुणी फुलं दिली नव्हती.

लेकीला मुलगी झाली. ती रडकी होती. पाळण्यात रडे, आईजवळ रडे, आजीच्या मांडीवर तर हाडं टोचतात म्हणून जास्तच रडे. एके दुपारी वैतागून लेकीने तिला मास्तरांच्या पोटावर ठेवलं. पोर त्या उबदार पठारावर हातपाय पसरून पालथी झोपली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. मास्तर तेवढा वेळ हलले नाहीत. लेक दारात उभी राहून बघत होती. "बाबा, पाठ दुखत नाही ना?" तिने विचारलं. मास्तरांनी मान हलवली आणि छताकडे बघत डोळे कोरडे होऊ दिले.

पण परतीचा दिवस आलाच. दरम्यान कंपनीने या प्रकरणाचा अभ्यास केला होता. एकच माणूस दोन खुर्च्यांचे पैसे भरतो आणि शिवाय दुसऱ्या खुर्चीवर आणखी एक प्रवासी बसवता येतो, हे ध्यानात आल्यावर तिला धोरणाचं मोल पटलं होतं. फक्त विस्तृत प्रवासी कमी पडत होते. त्यासाठी कंपनीने खुर्च्या 'सुटसुटीत' केल्या होत्या. पूर्वी जिथे दोन मावत, तिथे आता तीन मावत होत्या. विमानतळाच्या खिडकीपुढे नव्या खुर्चीच्या मापाची एक लोखंडी चौकट उभी केली होती आणि प्रत्येकाला तिच्यातून जावं लागत होतं.

मास्तर चौकटीपाशी जाऊन थांबले. त्यांनी आपण होऊनच सांगितलं, "मी आणि उर्वरित."

"सर, आता आपण, उर्वरित आणि शिल्लक," खिडकीतली मुलगी म्हणाली. "मॅडम, आपणही या."

"मी? माझ्या अंगावर मांस म्हणून नाही!"

"मांसाचं काही नाही, मॅडम. खांदे अडकतायत. आपलेही थोडे उर्वरित आहेत." तिने मास्तरीणबाईंच्या खांद्यांच्या नावाने एक खुर्ची काढली.

मागची रांग हे सगळं मोठ्या गमतीने बघत होती. कुणी तोंडावर हात धरून हसत होतं, कुणी मोबाइलवर चित्रण करत होतं. एक किडकिडीत गृहस्थ शेजाऱ्याला सांगत होते की माणसाने खाण्यावर ताबा ठेवला की ही वेळच येत नाही. मास्तर आणि मास्तरीणबाई पासांची चळत घेऊन बाजूला झाले. खिडकीतल्या मुलीने मान उंच करून रांगेकडे पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाली, "पुढचे, या."

पुढे तुम्ही होतात. आणि इथवर हसत आलेले तुम्ही, चौकट दिसताच एकदम पोट आत ओढून घेतलंत.